घरगाडीचे सहा मुक्काम

सलवा, कुवेत
१४ मार्च १९७७

ती. कुसुमताई,

नमस्कार. तब्येतपाणी, खुशाली हे सगळं लिहिलं असं धरून चाल. आज घाई आहे आणि डोकंही तापलंय.

पुण्याहून दादांचं पत्र आलं. यंदा सुट्टीवर कधी येता, रेखासाठी दोन मुलगे हेरून ठेवलेत, म्हणे. हेरून! मी उलट टपाली कळवलं, यंदा आम्ही येत नाही, तुमचे मुलगे तुम्हीच सांभाळा.

गेल्या मे महिन्यात दादरला जे झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. तीन सुट्ट्यांत अकरा घरी मुलीला बसवलं होतं. बाराव्या घरी पोहे झाले, शिक्षण झालं, 'एक्स-रे टेक्निशियन म्हणजे नर्सच ना हो?' तेही झालं. मग मुलाची मावशी म्हणाली, 'जरा खिडकीपर्यंत चालून दाखव गं.' डावा पाय किंचित आखूड आहे हे मी आधीच लिहून कळवलं होतं. सातव्या वर्षी काजूच्या झाडावरून पडली, गावच्या हाडवैद्याने वाकडं बसवलं, आणि मी तेव्हा इथे शुवैखला शिडीवर चढून परक्यांचे एसी दुरुस्त करत होतो. एवढं लिहूनही त्यांना बघायचंच होतं. रेखा उठली, खिडकीपर्यंत गेली, तिथून दारापर्यंत गेली, आणि दारातून तीन जिने उतरून खाली गेली. मी मागून धावलो. शेवटच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती; रडली असती तर बरं झालं असतं. तिथेच तिला शब्द दिला की यापुढे तुला कोणासमोर बसवणार नाही. मी आयुष्यात शब्द फार थोडे दिलेत, पण मोडलेला एकही नाही.

म्हणून यंदा सुट्टी डोंगरात. अहमदीचा एक इंग्रज इंजिनिअर देश सोडून चालला होता, त्याची घरगाडी घेतली. आत चार बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, मागच्या दाराला दोन पायऱ्या. मुरूरच्या, म्हणजे इथल्या वाहतूक खात्याच्या कचेरीत कागद नावावर करायला तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा रेखा सोबत आली. वर्षभरात पहिल्यांदा ती आपणहून बोलते आहे. पडदे तिनेच शिवले. लायसन आहेच, गाडीही चालवणार म्हणते.

तू चार वर्षं बोरुजर्दच्या इस्पितळात मेट्रन आहेस, तो सगळा डोंगर तुझ्या पायाखालचा. ऑगस्टात बसऱ्यावरून अहवाझ, तिथून वर खुर्रमाबाद, बोरुजर्द, हमदान असं यायचं आहे. रात्री कुठे कुठे थांबावं ते कळव. सपाट जमीन, जवळ पाणी, थोडी सावली आणि दगड न मारणारी माणसं, एवढं असलं की पुरे.

खालचा भाग नेहमीप्रमाणे सौ.साठी सोडलाय. ती चार ओळी लिहील. मी पळतो, वर्कशॉपवर तीन माणसं खोळंबली आहेत.

जगन्नाथ


बोरुजर्द, इराण
३ एप्रिल १९७७

चि. जगन्नाथ,

आशीर्वाद तिघांत सारखे वाटून घ्या.

पत्र वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मनात म्हटलं, जगूला उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. मला सगळं समजलं, तू निर्धास्त राहा.

मुक्काम असे. पहिला अहवाझला डॉ. वालावलकरांकडे. दुसरा अंदिमेश्कला, रेल्वेच्या दवाखान्यात डॉ. गवंडे आहेत. तिथून घाट लागतो, तेव्हा तिसरा खुर्रमाबादला डॉ. उदय तेंडोलकरांकडे. फार सज्जन माणूस, आणि घर नदीकाठी. चौथा अर्थात माझ्याकडे, दोन रात्री. पाचवा मलायेरला डॉ. पाटकर, सहावा हमदानला डॉ. नेरूरकर. सगळ्यांना मी पत्रं घातली आहेत. सगळे आपल्याकडचे, कुडाळ-मालवणच्या पट्ट्यातले, एकट्या गवंड्यांचं मूळ बेळगावचं.

गाडी अंगणात लावायची आणि झोपायचं घरात. पोचायचं ते संध्याकाळी पाचच्या आत, उजेड असताना. रेखाला म्हणावं दोन चांगल्या साड्या घे, डोंगरात फोटो छान येतात. शामलाला सांग, काळजी करू नकोस.

कुसुम


सलवा
२१ एप्रिल १९७७

ती. कुसुमताई,

रागावू नकोस असं लिहिणार होतो, पण मीच रागावलोय, तेव्हा तूही मोकळेपणाने रागाव.

मी तुला मुक्काम विचारले होते, पाहुणचार नव्हता विचारला. बावीस वर्षांपूर्वी बोटीने इथे उतरलो तेव्हा नऊ महिने एका ओळखीच्याच्या ओसरीवर झोपलो होतो. त्याची बायको रोज सकाळी माझ्या उशाशी भांडी आपटायची. ती उठवत नव्हती गं, सांगत होती. त्या दिवसापासून ठरवलंय, जगन्नाथ सामंत दुसऱ्याच्या घरात पाठ टेकणार नाही. आता चार बिछान्यांचं घर चाकांवर घेऊन निघालोय आणि तू मला सहा घरांच्या सहा गाद्या दाखवतेस! मग गाडीत कशाला झोपायचं, तिच्यात लाकडं भरतो.

बरं, रस्ता तरी बघायचास. तुझी यादी मजीदला दाखवली. राजापूरचा मजीद, इथला माझा वीस वर्षांचा सोबती. त्याचे दोन ट्रक इराणात जाऊन-येऊन असतात. त्याने चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, 'जगूशेट, हे मुक्काम हायत की एस.टी.चे थांबे? बोरुजर्द ते मलायेर साठ किलोमीटर. माझा डायवर यूसुफ तेवढ्यात दुसरी सिगरेट पेटवत नाय.' आणि ऑगस्टात अहवाझला रात्र काढायची? 'कुवेतच्या भट्टीतनं उठायचं नि अहवाझच्या तव्यावर झोपायचं,' असं मजीद म्हणतो. रस्ता जाणणारा माणूस तिथे सकाळचा चहा पितो आणि पळतो. उलट घाटात पुलाच्या वर चांगली सपाट जागा आहे, ट्रकवाले थांबतात, झरा आहे, तिचं तुझ्या यादीत नावही नाही. का? तिथे कोणी डॉक्टर राहत नाही म्हणून?

पाचच्या आत का पोचायचं हेही कळेना. आम्ही काय पोस्टमन आहोत?

रेखाने यादी वाचली आणि म्हणाली, 'बाबा, हे सगळे लोक कोण?' मी म्हटलं, आत्याच्या ओळखीचे. ती पडद्याचं शिवण बाजूला ठेवून आत गेली.

तेव्हा नवी यादी पाठव, माणसं नसलेली. आणि समजा एखाद्या घरी चहाला जावंच लागलं, तर वहिनींसाठी काय आणू तेही लिही. पाच घरं म्हणजे पाच वहिनी. इथे कापड चांगलं मिळतं.

जगन्नाथ


बोरुजर्द
१२ मे १९७७

चि. जगन्नाथ,

तू घरात पत्रं मोठ्याने वाचून दाखवतोस, म्हणून इतक्या मोठ्याने ओरडलास असं मी समजते. तेवढं ओरडणं मी सोडून देते.

पण एक गोष्ट खरी सांगते. मराठी माणसाच्या दारात गाडी उभी करून तू गाडीत झोपलास, तर ते त्याच्या तोंडात मारल्यासारखं होईल. ही माणसं वर्षानुवर्षं फारसीत 'कुठे दुखतं' विचारतायत. आपल्या भाषेत कोणी 'मीठ वाढा' म्हटलं तरी त्यांना भरून येईल. वालावलकरांनी पडदे धुवून घेतले. गवंडे रजा टाकतायत. तेंडोलकरांनी घराला रंग द्यायला काढलाय. आता मी त्यांना काय कळवू? की आमचा जगू पुलावर झोपणार?

वहिनींसाठी काही आणू नकोस. पापड, कोकम, सुक्या मिरच्या आण.

यादी बदलणार नाही.

कुसुम


सलवा
२ जून १९७७

कुसुमताई,

'ती.' आज लिहीत नाही, का ते पुढे वाच.

काल मजीद वर्कशॉपवर आला आणि खुर्चीवर बसला नाही. तेव्हाच मी हातातला पाना खाली ठेवला. मी कोणाचं खायच्या आधी आपलं देऊन ठेवतो, म्हणून यूसुफबरोबर खुर्रमाबादला तुझ्या तेंडोलकरांसाठी आंब्यांची पेटी धाडली होती. यूसुफने पेटी दिली. डॉक्टरांनी त्याला आत बसवलं, सरबत दिलं आणि विचारलं, 'गाडी नक्की कोणत्या तारखेला येणार? मंडळी किती दिवस राहतील?' आणि पुस्तकांच्या काचेच्या कपाटात यूसुफला रेखाचा फोटो दिसला. निळ्या साडीतला. यूसुफ रेखाला शाळेच्या दप्तरापासून ओळखतो, तो चुकायचा नाही. मजीद मला सांगताना जमिनीकडे बघत होता. 'जगूशेट, माझ्या पण दोन पोरी हायत,' एवढंच म्हणाला.

मग मी तुझी यादी पुन्हा काढली, तर एकाही नावापुढे बायकामुलांचा उल्लेख नाही. वालावलकर एकटे. गवंडे एकटे. तेंडोलकर एकटे. पाटकर, नेरूरकर एकटे. पाच घरं आणि एकाही घरात बाई नाही! 'वहिनींसाठी काही आणू नकोस.' कशाला आणायचं? वहिनी आम्हीच घेऊन येत होतो ना! रस्त्यावरून कंप्रेसरचा आवाज ऐकून मी आतला रोग सांगतो, असं शुवैखमध्ये लोक म्हणतात. तुझ्या पत्रातला आवाज मात्र मला ऐकू आला नाही. शरम वाटते.

सर्कससुद्धा गावात पोचल्यावर तंबू ठोकते आणि मग तिकीट लावते. तू तिकिटं आधीच विकून बसलीस. पाचच्या आत, उजेड असताना! म्हणजे नीट दिसावी म्हणून. अगं, दादरच्या घरातून तिला निदान उठून बाहेर पडता आलं. त्या डोंगरात, परक्या मुलखात, बापाच्या गाडीतून उतरून ती कुठे गेली असती? आणि तिला काय वाटलं असतं? की बापाने शब्द दिला आणि मग फसवून, पडदे शिवायला लावून, दारोदार फिरवली.

फोटो तुला कुठून मिळाला? त्याची एकच प्रत आहे आणि ती आमच्या कपाटात असते. दादांनी दिला? कोणी चोरला?

गाडी विकतो. येणं रद्द. तुझ्या रंगवलेल्या घरांना सांग, गिऱ्हाईक आलं नाही.

जगन्नाथ सामंत


बोरुजर्द
१९ जून १९७७

जगन्नाथ,

आशीर्वादाला आज सुट्टी.

फोटो मी चोरला? फोटो तुझ्या १४ मार्चच्या पाकिटातून आला. त्या पाकिटावर तिकीट तू लावलंस, पोस्टात तू टाकलंस. तुझाच कागद सोबत परत धाडते. खालचा भाग वाच. तुझ्या सहीच्या खाली बोटभर अंतरावर आहे, फार लांब जावं लागणार नाही. कागद वाटेत गहाळ झाला तर म्हणून इथेही उतरवते:

'वन्सं, यांनी वर लिहिलंय ते खरं आहे, पण बाप शब्द देऊन मोकळा होतो. मुलगी पंचविशीची होईल. तुमच्या ओळखीतल्या लग्नाच्या डॉक्टरांकडेच आमचे मुक्काम ठेवा. डॉक्टरला पायाचं समजावून सांगावं लागत नाही. गाडी दारात थांबेल, ती पायऱ्या उतरेल, अंगण ओलांडून आत येईल, तेवढ्यात ज्याला जे बघायचं ते दिसेल. मग कोणी तिला उठवून चालायला लावणार नाही. फोटो ठेवला आहे. रेखाला कळू देऊ नका. ती पडली तेव्हा हाडवैद्याकडे मीच नेली होती.'

वाचलंस? आता सांग, मी काय समजायचं होतं? नवरा-बायकोचं एका कागदावर आलेलं पत्र मी एकच समजले. वर बाप म्हणतो मुक्काम सांग, खाली आई म्हणते असे सांग. तुझी ती आरडाओरड मी रेखाला ऐकवायला केलेली समजत होते. हसत होते रे मी वाचताना!

इतकी वर्षं तू खाली जागा सोडतोस आणि तिथे काय लिहिलं जातं ते एकदाही वाचलं नाहीस? आपली आई शेवटच्या दुखण्यात काय मागत होती, ते मला त्याच जागेतून कळलं होतं. तुझा व्याप मोठा, कान मोठे, पण बायकोचं अक्षर बघायला सवड नाही.

माझी चूक मी मोजून पदरात घेते. रेखाला अंधारात ठेवून हे करायला नको होतं. मी एकटीने पन्नाशी गाठली आहे. ताप आला की पाणी कोण देतं याचा हिशोब मला पाठ आहे, म्हणून वाहवले. बाकीची चूक ज्याची त्याने आपल्या घरात शोधावी.

कुसुम


सलवा
३० जून १९७७

ती. कुसुमताई,

'ती.' परत लिहिलंय. तुझ्याबद्दलचा राग गेला असं नाही. त्याला आता वाटेकरी झालेत.

तुझं पत्र आलं तेव्हा शामला भाजी निवडत होती. कागद तिच्यापुढे ठेवला.

'हे तू लिहिलंस?'

'अक्षर ओळखता म्हणजे माझं!'

'मला न सांगता?'

'कागद तुमच्याच हातात होता. मी काय लपवून ठेवला?'

'मी खालचं वाचत नाही ते तुला ठाऊक आहे.'

'म्हणून तर तिथे लिहिते. तोंडाने सांगितलेलं तुम्ही ऐकता कुठे? तुम्ही जिन्यावर शब्द दिलात आणि बाप म्हणून मोठे झालात. रात्री ती पाय चोळत बसते ते मी बघते.'

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. शेजारच्या रबियाबींनी खिडकी लावून घेतली, यावरून समज. वळून बघतो तर दारात रेखा. सकाळपाळी करून आलेली, हातात चपला. कधीपासून उभी होती देव जाणे.

मग मी काही लपवलं नाही, कागद तिच्या हातात दिला. तिने वरचं वाचलं, खालचं वाचलं. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'एकूण किती जण?'

'पाच.'

'पत्ते आहेत?'

मी यादी दिली. शामला रडायला लागली तर तिला म्हणाली, 'आई, आत्ता नको.' आणि तशीच बस धरून मंगफला मजीदच्या घरी गेली. संध्याकाळी मजीदची बायको, मुनिराभाभी, तिला सोडायला आल्या. पोर जेवली नाही. झोपायला जाताना एवढंच म्हणाली, 'गाडी विकू नका.'

तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. ती तुला लिहिते आहे. मी बघितलेलं नाही, बघणारही नाही.

जगन्नाथ


सलवा
९ जुलै १९७७

कुसुमआत्या,

मला मराठीत रागावून लिहायची सवय नाही, घरी ते काम बाबा करतात. चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या पाचही डॉक्टरांना मी एकच पत्र पाठवलं आहे. त्यात असं लिहिलं आहे: माझं नाव रेखा सामंत. माझा फोटो आणि माझी माहिती मला न विचारता आपल्याकडे आली. फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी परत करावा. सोबत माझ्या दोन्ही मांड्यांचा एक्स-रे जोडला आहे, समोरून आणि बाजूने. अडीच सेंटिमीटरचा फरक आहे, मोजपट्टी ठेवूनच काढला आहे. म्हणजे मला बघण्याचं काम घरबसल्या झालं, आता कोणी दारात उभं राहू नये. कोणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणावं, माझ्या आईवडिलांना नको.

फिल्म माझ्या डिपार्टमेंटच्या डॉक्टर शरीफांना विचारून काढल्या. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'सहावी कॉपी काढ, माझ्या सासूला पाठवते.' या सगळ्या महिन्यात मी तेव्हा एकदाच हसले.

ट्रिप होणार. पडदे मी शिवलेत, ते मी डोंगरात लावणार. मुक्काम मी मजीदचाचांबरोबर बसून ठरवले. पहिला हद्दीच्या अलीकडे खजुरांच्या बागेत. पहाटे निघून अहवाझ ऊन चढायच्या आत पार करायचं आणि दुसरा मुक्काम घाटात पुलाच्या वर, जिथे झरा आहे. तिसरा खुर्रमाबादच्या बाहेर नदीकाठी, मोकळ्यावर. त्यापुढचं मी लिहीत नाही. तुमच्याकडे यायचं की नाही ते ठरवलेलं नाही. राग आहे, आणि तो बोरुजर्दपर्यंत पुरेल असं वाटतं.

आई सांगते माझ्यासाठी केलं. बाबा सांगतात माझ्यासाठी ओरडलो. तुम्हीसुद्धा तेच लिहिणार असाल तर प्लीज लिहू नका.

रेखा


खुर्रमाबाद
१२ ऑगस्ट १९७७

ती. कुसुमताई,

हे पत्र यूसुफच्या हाती देतोय. त्याचा ट्रक मागे नदीकाठी उभा आहे, उद्या सकाळी बोरुजर्दवरून पुढे जाईल.

आज तिसरा दिवस. पहिल्या रात्री खजुरांच्या बागेत आम्ही तिघं तीन दिशांना तोंडं करून जेवलो. काल घाटात रेखाने गाडी हाती घेतली. काय चालवते म्हणून सांगू! समोरून तेलाचे टँकर येतात, एका बाजूला दरी, आणि ही पोर गिअर बदलताना आवाज होऊ देत नाही. मी म्हटलं, 'वा!' तर म्हणाली, 'बाबा, बोलू नका.' पुलाच्या वरच्या जागी वारा इतका गार की शामलाने शालींचं गाठोडं सोडलं. तेवढी एक रात्र बरी गेली.

आज दुपारी खुर्रमाबादच्या बाहेर नदीकाठी, यूसुफ आणि आणखी काही ट्रकवाले थांबले होते तिथे, गाडी लावली. रेखा आत केस धुवत होती. मी बाहेर टायर बघत होतो. उन्हं उतरायच्या सुमाराला एक जीप येऊन थांबली. उंच, किरकोळ माणूस उतरला, हातात खाकी पाकीट. 'मी उदय तेंडोलकर,' म्हणाला. 'घरगाडी आल्याचं गावात ऐकलं. मिस सामंत आहेत का?'

मी दारापुढे उभा राहिलो. म्हटलं, 'ती कोणालाही भेटणार नाही.'

'भेटायचं असं नाही. त्यांचा फोटो परत द्यायचा होता. आणि सांगायचं होतं की त्यांना न विचारता तो आलाय हे मला माहीत नव्हतं. माझी आई असती इथे, तर तिने आधी विचारलं असतं.'

'फोटो इकडे द्या.'

दिला.

'सांगून झालं?'

'हो. तसं एक्स-रेबद्दलही थोडं...'

'एक्स-रेबद्दल काही नाही. आता निघा.'

शामलाने आतून शेगडीवर आधण ठेवल्याचं मला ऐकू आलं. मी तिला हाक मारून सांगितलं, चहा नको. तो माणूस नमस्कार करून जीपकडे गेला. मागे वळूनही बघितलं नाही, हे मात्र कबूल करतो. कुसुमताई, मला त्या क्षणी जिन्याची ती शेवटची पायरी आठवत होती. म्हटलं, राखला शब्द.

दार उघडलं. रेखा ओल्या केसांनी पायरीवर.

'कोण आलं होतं?'

'कोणी नाही.'

'तेंडोलकर,' शामला आतून म्हणाली. 'यांनी हाकलून दिलं. घोटभर चहा पाजू दिला नाही.'

रेखाने माझ्या हातातला फोटो बघितला. 'मला विचारलंत?'

'अगं, तुला शब्द दिलाय मी!'

'कोणासमोर बसवणार नाही असा दिलात. माझ्याकडे आलेल्या माणसाला परत पाठवीन असा नाही दिलात. पत्र मी लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, ते माझं होतं. काय म्हणाले ते एक्स-रेबद्दल?'

'मी बोलू दिलं नाही.'

ताई, आजवर ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. आज ओरडली. ट्रकवाले चहाचे पेले घेऊन बघत उभे राहिले. 'आईने मला न विचारता दाखवलं, तुम्ही न विचारता झाकून ठेवलंत! दोघांनाही वाटतं मी गाडीतलं सामान आहे. एक म्हणतो उतरवा, एक म्हणतो राहू दे. पाचांपैकी चौघांनी उत्तरसुद्धा लिहिलं नाही. एक आला तो माणसासारखा आला, तर तुम्ही त्याला चोरासारखा घालवलात. मी लग्न करीन नाहीतर करणार नाही. त्यांनी आत येऊन 'नमस्कार, येतो' म्हटलं असतं तरी ते मी ऐकलं असतं!'

सगळ्या संसारात पहिल्यांदाच शामला माझ्या बाजूने काहीतरी बोलायला गेली, तर रेखाने तिलाही गप्प केलं.

मग तिने शेगडी बंद केली, पायऱ्या आत ओढून घेतल्या आणि चावी मागितली. 'कुठे?' म्हटलं. 'दवाखान्यात.' 'आम्ही?' 'गाडी तुमची आहे, चला. पण उतरायचं नाही.'

तेव्हा सध्या आम्ही खुर्रमाबादच्या दवाखान्याच्या फाटकात आहोत. रेखा आत जाऊन अर्धा तास झाला. जाताना सगळं अंगण ओलांडून गेली, आपल्या चालीने, सावकाश. व्हरांड्यातली चार-पाच माणसं बघत होती. तिने कोणाकडे बघितलं नाही. शामला पडद्याच्या फटीतून बघतेय आणि मला विचारतेय, 'इतका वेळ काय बोलत असतील हो?' मी म्हटलं, 'हाडाबद्दल.' ती म्हणाली, 'हाडाबद्दल अर्धा तास?' आम्ही दोघं तीन दिवसांत पहिल्यांदा एवढं बोललो.

उद्या बोरुजर्दला तुझ्या दारात थांबायचं, की तुझं गाव ओलांडून पुढे जायचं, ते रेखा बाहेर आल्यावर ठरेल. तू वाट बघायची की नाही ते तुझं तू ठरव. मी काही सांगत नाही. मला कोणी विचारलेलं नाही.

जगन्नाथ